एल४-एल५ ची गादी आणि पीआरपी इंजेक्शन: भावाला घेऊ द्यावं का?

मागवाला_सोलापूर
भावाचं वय ३९, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर (माग लावणारा, दुरुस्त करणारा) आहे. दीड वर्षापासून कंबर दुखते. बसून राहिलं, वाकलं किंवा बीम (ताण्याच्या सुताचा जड रूळ) चढवला की वाढते, चाललं की सैल पडते. पायात कळ किंवा मुंग्या नाहीत. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली (एल४-एल५) गादी सुकलेली (झिजेची फिरमन ग्रेड ४, पाचपैकी), मागच्या बाजूला कडेला चीर आणि मॉडिक टाइप १ बदल (गादीलगतच्या हाडात सूज) आहेत. त्याखालच्या एल५-एस१ गादीला किरकोळ बल्ज (फुगवटा) आहे. फिजिओ तीन महिने झाली. एपिड्युरल स्टेरॉइड (कण्यातल्या नसांभोवती सोडायचं इंजेक्शन) एकदा दिलं, त्याचा आराम तीन आठवडे टिकला. आता पुण्यात एका ठिकाणी गादीतच पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेलं, प्लेटलेट एकवटलेलं द्रावण) घ्या म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी ‘स्टेम सेलने गादी नवी होते’ असं सांगून मोठं पॅकेज दाखवलंय. गादी खरंच भरून येते का? आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं?

वेदनाशामक_ओपीडी
आधी स्टेम सेलचं सांगतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आपल्याकडे रक्ताच्या आजारांसाठीचं स्टेम सेल प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे. कंबरेसाठी स्टेम सेल द्यायच्या तर ती नोंदणी झालेली क्लिनिकल ट्रायल असायला हवी, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पॅकेजचा दर सांगणाऱ्याला ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर तिथून उठा.

पीआरपीने गादीची उंची परत येते, असं कुणी ठामपणे दाखवलेलं नाही. गादीच्या आत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या-खालच्या एंडप्लेटमधून (मणक्याच्या गादीला टेकलेल्या पातळ थरातून) झिरपून होतं. एंडप्लेटच खराब झाली असेल तर बाहेरून काहीही टाकलं तरी पेशींना जगायला अन्न मिळत नाही. प्लेटलेटमधल्या घटकांनी आतली सूज कमी होऊन दुखणं उतरावं, एवढीच अपेक्षा धरायची. पुरावाही दोन्ही बाजूंचा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७ रुग्णांच्या चाचणीत आठ आठवड्यांनी पीआरपीच्या गटाला जास्त आराम दिसला. २०२२ च्या २६ रुग्णांच्या चाचणीत मात्र सलाईन दिलेल्या गटापेक्षा काही फरक दिसला नाही. एवढ्याशा आकड्यांवर ‘खात्रीने बरं होतं’ असं कुणी म्हणत असेल तर सावध राहा.

हे इंजेक्शन सी-आर्मखालीच (सुई चालू एक्स-रेवर दाखवणाऱ्या मशीनखाली) व्हायला हवं. रुग्ण पालथा, सुई मागून तिरकी, नस टाळून गादीच्या मधोमध. पुढून आणि बाजूने दोन्ही चित्रांत टोक मध्यावर दिसलं पाहिजे. मग थोडं कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं द्रावण) सोडतात. ते मागच्या चिरेतून कण्याच्या पोकळीत पळालं तर पीआरपीही आत टिकणार नाही. एका गादीत साधारण १ ते २ मिली मावतं, त्याहून जास्त जोर लावायचा नाही. सोबत ब्युपिव्हॅकेन (बधिर करणारं औषध) मिसळणार असतील तर का, ते विचारा; प्रयोगशाळेत ते गादीच्या पेशींना घातक ठरलेलं आहे. आणि ‘दोन-तीन लेव्हल एकदमच करू’ याला होकार देऊ नका. २००९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात नुसती डिस्कोग्राफीसाठी (गादीत कॉन्ट्रास्ट सोडून करायच्या तपासणीसाठी) सुई गेलेल्या गाद्या दहा वर्षांत न टोचलेल्या गाद्यांपेक्षा जास्त झिजलेल्या आढळल्या. चांगल्या गादीला सुई लावायची नाही, म्हणून एल५-एस१ च्या त्या किरकोळ बल्जला हात लावू देऊ नका.

फिजिओ_जुळेसोलापूर
एमआरआयमधली गादी आणि दुखणारी जागा एकच असेल असं धरून चालू नका. काही दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन केले तर विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत गादीची झीज दिसते. म्हणून तपासणी महत्त्वाची. उभं राहून कंबर वारंवार मागे वाकवल्यावर दुखणं कडेकडून मध्ये सरकतं का, ते पाहा. सरकत असेल तर गादीचा संशय बळावतो. माकडहाडाजवळच्या एसआय सांध्याच्या ताण देणाऱ्या चाचण्यांपैकी तीन किंवा जास्त दुखल्या तर रोख तिकडे जातो. मागे वाकून वळल्यावरच दुखत असेल तर फॅसेट सांध्यांचा (मणक्यांना मागून जोडणाऱ्या छोट्या सांध्यांचा) विचार करून आधी चाचणी ब्लॉक (तिथे तात्पुरतं बधिर करून दुखणं थांबतं का ते पाहणं) घ्यावा.

‘तीन महिने फिजिओ’ म्हणजे काय केलं तेही विचारा. शेक, ट्रॅक्शन, मशीन एवढंच असेल तर व्यायामाचा उपचार अजून झालेलाच नाही. पोटपाठीचे स्नायू, नितंबाचे स्नायू आणि हळूहळू वजन वाढवत उचलण्याचा सराव किमान ८ ते १२ आठवडे नेमाने हवा. कामावर बीम दोघांनी किंवा ट्रॉलीने चढवायचा, धागा जोडताना कंबरेतून ओणवं न होता एक पाय पुढे घेऊन गुडघ्यात वाकायचं. माग तसाच आणि उचलणं तसंच राहिलं तर इंजेक्शन कुठलंही असो, दुखणं परत येतं.

मॉडिक १ बद्दल एक राहिलं. एंडप्लेटचे असेच बदल मणक्याच्या टीबीतही सुरुवातीला दिसू शकतात. संध्याकाळी ताप, वजन घटणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं यांतलं काही असेल तर आधी ईएसआर, सीआरपी (सूज-जंतुसंसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचण्या) करा आणि सिव्हिलच्या अस्थिरोग ओपीडीत स्कॅन दाखवा.

ओटी_टेक्निशियन
पीआरपी कसं बनवतात यावर बरंच अवलंबून असतं. ३० ते ६० मिली रक्त, रक्त न गोठवणारं द्रावण एसीडी-ए असलेल्या निर्जंतुक बंद किटमध्ये. पहिल्या हळू फिरकीत लाल पेशी खाली बसतात, दुसऱ्या जोराच्या फिरकीत प्लेटलेट एकवटतात. शेवटी ३ ते ६ मिली उरतं. फार जोरात फिरवलं तर प्लेटलेट आधीच फुटून काम संपवतात. बारीक सुईने घाईत रक्त ओढलं तर लाल पेशी फुटतात, असलं लालसर पीआरपी गादीत देऊ नये.

लॅबच्या साध्या नळीत बनवून उघड्यावर सिरिंजमध्ये ओढणारेही असतात. गुडघ्यात जे खपून जातं ते गादीत खपत नाही, कारण तिथे रक्तपुरवठा नाही. जंतू गेला तर शरीराला आणि अँटिबायोटिकला पोहोचायला वेळ लागतो. विचारा: किट बंद आहे का, ओटीतच बनवता का, मूळ रक्तातला आणि पीआरपीतला प्लेटलेट काउंट लिहून देता का. मूळच्या ३ ते ५ पट असावा.

मागवाला_सोलापूर
फार उपयोग झाला. भावाला साखर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९. तंबाखूही आहे. आणि पुण्यात करून त्याच दिवशी हुतात्मा एक्सप्रेसने परत यायचं म्हणतोय.

वेदनाशामक_ओपीडी
८.९ वर गादीत सुई घालणं मी टाळेन. जंतुसंसर्गाची भीती खरी आहे, आणि घाई असलेलं दुखणं हे नाही. दोन-तीन महिन्यांत साखर खाली आणा, तंबाखू सोडवा. निकोटिनने गादीचं पोषण आणखी घटतं. तेवढ्या काळात नीट व्यायाम करून पाहा. कदाचित सुईची गरजच उरणार नाही.

तरी घ्यायचंच ठरलं तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या आठवडाभर आधी आणि काही आठवडे नंतर बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. सुईआधी शिरेतून अँटिबायोटिक देतात. त्या दिवशी चार तास बसून प्रवास नको, पुण्यात रात्र काढा आणि दुसऱ्या दिवशी अधूनमधून उठून फिरत या. पहिले काही दिवस दुखणं वाढतं, हे अपेक्षित आहे. फरक कळायला ६ ते १२ आठवडे लागतात, तोवर बीम उचलायचा नाही.

इंजेक्शनआधीचा सीआरपी करून जपून ठेवा. एकदा उतरलेलं दुखणं एक ते चार आठवड्यांनी पुन्हा चढायला लागलं, रात्री कूस बदलता येईना, तर ताप नसला तरी सीआरपी पुन्हा करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लघवी अडली, बसायच्या जागेची जाणीव गेली किंवा पाऊल लुळं पडलं तर पुण्याचा फोन लागायची वाट बघू नका, थेट सिव्हिलची कॅज्युअल्टी.