उपडोमेनवरचा देवनागरी फॉन्ट मुख्य संकेतस्थळावर का दिसत नाही?

प्रश्न (कुडाळ)

नमस्कार. सिंधुदुर्गातील जत्रा आणि दशावतारी नाटकांचे वेळापत्रक देणारे संकेतस्थळ आम्ही काही मंडळी चालवतो. गेल्या आठवड्यात छायाचित्रे आणि ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टच्या फाइली वेगळ्या उपडोमेनवर (मुख्य पत्त्याच्या आधी शब्द जोडून केलेल्या उपपत्त्यावर) हलवल्या. माझ्या संगणकावर सारे पूर्ववत आहे, पण मालवणच्या सहकाऱ्याकडे ‘दशावतार’मधला श आणि ‘मालवण’मधला ल हिंदी वळणाचा दिसतो. त्यांच्या ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (त्रुटींचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) ‘कॉर्स’ या, परक्या ठिकाणच्या फाइली वापरण्याविषयीच्या, धोरणामुळे फॉन्ट अडवल्याचा संदेश आहे. छायाचित्रे त्याच उपडोमेनवरून व्यवस्थित येत असताना फॉन्टच का अडावा?

उत्तर १ (रत्नागिरी)

ब्राउझरच्या लेखी प्रोटोकॉल (एचटीटीपी की एचटीटीपीएस), होस्ट (पत्त्यातले नाव) आणि पोर्ट (सर्व्हरवरील जोडणीचा क्रमांक) या तिन्ही गोष्टी तंतोतंत जुळल्या तरच दोन पत्ते एकाच ‘ओरिजिन’चे ठरतात, त्यामुळे आपले उपडोमेन हे परके ओरिजिन झाले. दुसरीकडची छायाचित्रे पानावर दाखवण्याची मुभा वेबवर सुरुवातीपासून आहे आणि ती आता काढून घेता येत नाही. वेबफॉन्ट मागाहून आले. २००९ साली फायरफॉक्स ३.५ मध्ये त्यांची सोय झाली तेव्हाच हा निर्बंध लावला गेला आणि पुढे तो सीएसएसच्या, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, फॉन्टविषयक मानकातही आला. कोणाच्याही सर्व्हरवरचा फॉन्ट परस्पर वापरता येऊ नये, ही फॉन्टकारांची रास्त काळजी त्यामागे होती.

उपाय असा की, फॉन्ट पाठवणाऱ्या सर्व्हरने उत्तरासोबत ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हा हेडर, म्हणजे फाइलीसोबत जाणारी सूचना, द्यावा. पुष्कळ जण तो पान पाठवणाऱ्या सर्व्हरवर लावतात आणि तिथेच फसतात. आपला फॉन्ट मुक्त परवान्याचा असल्यामुळे हेडरची किंमत म्हणून नुसती तारका (*, म्हणजे कोणालाही परवानगी) दिली तरी चालेल.

उत्तर २ (अलिबाग)

वरील उत्तर योग्य आहे. आपल्या संगणकावर दोष का दिसला नाही, तेही पाहावे. सीएसएसमध्ये ‘लोकल’ हा पर्याय आधी लिहिलेला असेल आणि तो फॉन्ट संगणकावर बसवलेला असेल, तर ब्राउझर सर्व्हरकडे जातच नाही.

तारकेऐवजी स्वतःचेच डोमेन लिहायचे असेल, तर हेडरमध्ये एकच ओरिजिन बसते आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह व त्याविना असलेले पत्ते वेगळे धरले जातात. दोन्ही चालवायचे तर सर्व्हरने विचारणाऱ्याचे ओरिजिन यादीत तपासून तेच परत द्यावे आणि सोबत ‘व्हेरी: ओरिजिन’ द्यावे, नाहीतर एकासाठी साठवलेले उत्तर कॅशमधून दुसऱ्याला जाते. फॉन्ट ‘प्रीलोड’ करत, म्हणजे गरज लागण्याआधीच मागवत, असल्यास त्या टॅगवर ‘क्रॉसओरिजिन’ हा गुणधर्म हवाच, अगदी फॉन्ट स्वतःच्या डोमेनवर असला तरी. तो नसेल तर फाइल दोनदा उतरते, आणि जत्रेच्या गर्दीत मोबाइलवर वेळापत्रक पाहणाऱ्याला ते परवडत नाही.

माझे स्पष्ट मत विचाराल तर फॉन्ट मुख्य डोमेनवरच परत आणावेत. एचटीटीपी/२ ही वेबच्या प्रोटोकॉलची सुधारित आवृत्ती आल्यापासून एकाच जोडणीवरून अनेक फाइली एकत्र येतात. उपडोमेनसाठी मात्र नवी जोडणी उघडण्यात वेळ जातो.

प्रश्नकर्ता (कुडाळ)

जत्रेची पत्रके करण्यासाठी हा फॉन्ट मी संगणकावर बसवला होता आणि सीएसएसमध्ये ‘लोकल’ होतेच. फॉन्ट मुख्य डोमेनवर आणले, ‘प्रीलोड’चा टॅगही दुरुस्त केला. मालवणहून आत्ताच निरोप आला की श आणि ल पूर्वीसारखे दिसू लागले आहेत. दोघांचेही मनापासून आभार.