कपाटाचं कुलूप, मुलांवरचा अविश्वास आणि बारा गुंदरपट्ट्या

निवृत्त_लॅबवाला: काल इथे एका ताईंनी लिहिलंय की शाळेतल्या साहित्याच्या कपाटाला कुलूप म्हणजे मुलांवर अविश्वास, सगळं वर्गात उघड्या फळ्यांवर ठेवा, मुलं आपोआप जबाबदार होतात. 31 वर्षं वडोदऱ्यात शाळेची लॅब सांभाळली, म्हणून राहवलं नाही. चार पट्टीचुंबक ठेवा उघड्यावर. मुलं ढिगात टाकणार, पाडणार, वर्षभरात टाचणी उचलायची मारामार. जोडीनं ठेवायचे असतात ते, विरुद्ध ध्रुव शेजारी, मधे लाकडाची पट्टी, दोन्ही टोकांना नरम लोखंडाचे तुकडे. हे कोण करणार, जबाबदार झालेली सातवी ब?

दांडियाबाजारवाली: काका, ती पोस्ट माझीच. चुंबक तुमचे टिकले असतील, पण किती पोरांनी हातात धरले? आमच्या शाळेतला मायक्रोस्कोप मी दहावीपर्यंत कपाटाच्या काचेतूनच बघितला, एकदा इन्स्पेक्शनला बाहेर काढला तर लेन्सवर बुरशीचं जाळं, अख्खा पावसाळा कोंडलेला आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची एक पुडी नाही. डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, मात्र 'चालू स्थितीत'!

मांडवीकर: ताईंशी सहमत. सयाजीरावांनी 1906 ला राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1910 ला अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डनना बोलावलं, पेट्या भरभरून पुस्तकं खेड्यांत धाडली. आणि त्याच वडोदऱ्यात आपण आज शिक्षकाला किल्ली द्यायला कचरतो.

निवृत्त_लॅबवाला: पेटी म्हणजे काय हो? मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची. माझंच म्हणणं झालं की!

चौथीच्या_बेन: कुलूप लावून तरी काय होतं? डिसेंबरात टीएलएमच्या, म्हणजे शैक्षणिक साहित्याच्या, कपाटात बारा गुंदरपट्ट्या (चिकटपट्ट्या) मोजून ठेवल्या. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीची पतंगबाजी, झाल्यावर उघडलं तर एक, तीपण संपलेली. किल्ली फक्त स्टाफकडे.

निवृत्त_लॅबवाला: झालं, आता पटावाळ्यावर, म्हणजे शिपायावर, घ्या.

चौथीच्या_बेन: पटावाळ्याचं नाव मी घेतलंय कुठे? आमचे पीटीचे सर गच्चीवर, मांज्यानं कापू नये म्हणून दहाही बोटांना पट्टी गुंडाळून फिरकी धरून उभे होते. फोटो आहे.

पीटीवाला: एक मिनिट बेन, मी तुमच्या शाळेतला नाही पण प्रत्येक गोष्टीत पीटीच्याच माणसाला ओढायचं हे बंद करा. पट्टी आम्ही खिशातून घेतो. माझा बॉलमध्ये हवा भरायचा पंप दोन वर्षांपूर्वी एका क्राफ्टच्या बेननी 'पाच मिनिटं' म्हणून नेला, तो अजून त्यांच्या पोराच्या सायकलीत हवा भरतोय, त्याचा फोटो टाकू का?

दांडियाबाजारवाली: विषय काय, चाललंय काय.

मांडवीकर: विषयावर येतो. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी चढली तेव्हा आमच्या शाळेच्या तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये पाणी शिरायला लागलं. किल्लीवाले सर समा भागात स्वतःच अडकलेले. कुलूप तोडायला कोणी धजेना, सही कोण करणार? भूगोलाच्या नकाशांचा लगदा झाला. रजिस्टर वरच्या कप्प्यात, ठणठणीत कोरडं.

निवृत्त_लॅबवाला: नकाशांचं ऐकून वाईट वाटलं. दुसरी किल्ली ऑफिसात टांगलेली हवी, मान्य. चुंबक, लेन्सही द्या मॉनिटरच्या सहीनं, माझं काही जात नाही. पण आम्लं आणि सोडियम कुलपातच. आम्लं खालच्या फळीवर, म्हणजे बाटली निसटली तरी तोंडावर येत नाही. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून, उंच. त्या पुरात सोडियमची बाटली खाली असती आणि फुटली असती तर पाण्यातच आग बघितली असतीत.

दांडियाबाजारवाली: चला, आम्लांना कुलूप मंजूर, एवढं तरी द्यायलाच हवं तुम्हाला. आता माझ्या कात्र्यांना माफ करा. बोथट टोकाच्या आहेत, फळीवर प्रत्येकीचा आकार रंगवलाय, सुट्टीआधी कुठला आकार रिकामा ते पोरंच ओरडून सांगतात. जूनपासून एकच गेली.

पीटीवाला: ती कोणी नेली?

चौथीच्या_बेन: तुमचा पंप सापडला की सांगते.