मदत हवी आहे: अंगणातलं सागवानी बाकडं पावसाळ्याआधी कसं वाचवू?

नमस्कार मंडळी. अंगणात उघड्यावर एक सागवानी बाकडं आणि दोन लोखंडी खुर्च्या आहेत. उन्हाने बाकडं करडं पडलंय, पण ते वरवरचं आहे, आतलं लाकूड ठणठणीत. काळजी पायांची. लाकूड कापलेल्या टोकाकडूनच जास्त पाणी पितं, आणि हे पाय थेट ओल्या फरशीवर टेकतात. खालून दोन बोटं काळे पडलेत.

गेल्या पावसाळ्यात शहाणपणा करून सगळं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं. उघडलं तर आत बुरशी! ओल कोंडली, दुसरं काय.

आता १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून, पूर्ण वाळवून जवसाचं तेल लावायचा विचार आहे. (तेलाची फडकी चुरगळून टाकू नका हं, आपोआप पेटू शकतात.) पण कच्च्या तेलावरही बुरशी धरते म्हणे. तुम्ही तेल लावता की बाहेरच्या वापराचं व्हार्निश? व्हार्निशचे पापुद्रे सुटले की सगळं खरवडत बसायचं, त्याचाच मला कंटाळा. पायांना रबरी बुचं घालू का, की त्यातच पाणी साचेल?

खुर्च्या तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारं अस्तर) आणि वर ऑइलपेंट, हे ठरलंय. फक्त जोडांच्या फटीतला गंज कसा काढता?