'चुकीचं' माहीत असू शकतं का?

गोदाकाठ: आमच्या सोसायटीत मुलांसाठी गप्पांची संध्याकाळ ठेवलीय. विषय: खरं कशाला म्हणायचं आणि ते कशावरून. पत्रकावर मी लिहिलं, 'तुम्हाला आजवर काय काय चुकीचं माहीत होतं?' शेजारच्या निवृत्त बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाल्या, चुकीचं माहीत नसतं, चुकीचं वाटत असतं. माझ्या कानाला तर वाक्य अजिबात खटकत नाही. तुमचं काय मत?

कॉलेजरोडवाला: बाईंना शंभर मार्क. 'आज पाणी येणार नाही हे मला माहीत होतं' असं म्हटलं की पाणी आलेलं नसतं. आलं असेल तर 'मला वाटलं होतं' म्हणायचं. तत्त्वज्ञानात हा घोळ प्लेटोपासून चाललाय: मत खरं निघालं म्हणून ते लगेच ज्ञान होत नाही, त्याला आधार लागतो. 1963 साली एडमंड गेटियरने अवघ्या तीन पानांत दाखवून दिलं की आधार असून आणि मत खरं असूनही ज्ञान हुकू शकतं. भिंतीवरचं घड्याळ साडेचारला बंद पडलंय आणि तुम्ही नेमकं साडेचारलाच त्याच्याकडे बघितलंत. वेळ बरोबर सांगितलीत. पण ती तुम्हाला माहीत होती का?

गोदाकाठ: मुलं आठवीतली आहेत हो.

मखमलाबादची: मग तर त्यांना आवडेलच. मला यात 'समजणे'ची गंमत जास्त वाटते. द्राक्षबागेत विरळणी चालू असताना एक गृहस्थ आले, घडांकडे बघत 'माल छान आहे' म्हणाले. मी त्यांना व्यापारी समजले, चहा केला, भावाचं बोलणंही काढलं. ते निघाले विम्याचे एजंट. आता बघा, 'मी त्यांना व्यापारी समजले' म्हणजे ते व्यापारी नव्हते. पण 'ते एजंट आहेत हे मला समजलं' म्हणजे ते एजंट आहेतच. क्रियापद एकच, 'मी'चं 'मला' झालं की चूक गायब! आणि 'माहिती' व 'माहीत' यांची गल्लत करू नका. चुकीची माहिती रोज सकाळी फुलांच्या फोटोसकट फोनवर येते.

भगूरकर: मुळात 'माहीत' कशाला हवं? अरबी 'माहियत'वरून आलेला शब्द आहे. आपला 'ठाऊक' आहे की. ज्या गावच्या माणसाने 'दिनांक' आणि 'महापौर' दिले त्या गावचा मी, एवढं तर बोलणारच.

सिडको ६: 'ठाऊक' गोड आहे, मान्य. माझ्या मते तो 'ठाव'वरून आला, पाण्याचा ठाव लागतो तसा. पण 'माहियत' हाकलण्याआधी तो उलगडून तरी बघा. अरबीत 'मा हिय' म्हणजे 'ती काय आहे?' वस्तूचं सार सांगायला तिथले तत्त्वज्ञ हा शब्द वापरायचे. म्हणजे ज्या शब्दाने आपण उत्तर मिरवतो त्याच्या पोटात प्रश्न बसलाय. असला शब्द मी तरी सोडणार नाही.

भगूरकर: व्युत्पत्ती सुंदर असली म्हणून शब्द आपला होत नाही.

बागलाणी: आमच्या आजीचा तर झाला होता. काहीही विचारा, 'माले काय माहीत!' म्हणायची. गावातलं एक लग्न मोडलं ते कशावरून, हेसुद्धा 'माले काय माहीत'ने सुरू व्हायचं आणि पुढे अर्धा तास इत्थंभूत चालायचं. अहिराणीत याला नकार समजू नये.

पंचवटीकर: मूळ मुद्द्यावर येतो. नाशिकचं नाव शूर्पणखेच्या नाकावरून पडलं हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या मित्राला ते नऊ शिखरांवरून पडल्याचं माहीत आहे. दोन्ही काही एकाच वेळी खरं असू शकत नाही. म्हणजे निदान एकाला चुकीचं माहीत आहे. सिद्ध झालं.

कॉलेजरोडवाला: निदान एकाला चुकीचं *वाटतं*.

पंचवटीकर: मला वाटत नाही. मला माहीत आहे.

कॉलेजरोडवाला: धन्य.

जुनं नासिक: नाक, शिखर राहू द्या. आधी नाव नीट लिहा, नासिक. पतंजलीच्या महाभाष्यात 'नासिक्यं नगरम्' आहे. पांडवलेण्यात 18 नंबरच्या चैत्यगृहाच्या दारावर ब्राह्मीत कोरलंय, 'नासिककानं धंभिकगामस दानं'. 'श' कुठेच नाही.

सिडको ६: प्राकृतात 'श' शोधताय? एसटीच्या पाटीवर 'नाशिक', सातबाऱ्यावर 'नाशिक', आमच्या तोंडात 'नाशिक'. जुनंच हवं तर मोगलाईतलं 'गुलशनाबाद' का नको?

भगूरकर: ते तर मुळीच नको.

गोदाकाठ: मंडळी, पत्रक उद्या छापायला द्यायचंय. 'माहीत' ठेवू की 'वाटत' करू?

जुनं नासिक: पत्रकावर 'नासिक' लिहा म्हणजे झालं.

मखमलाबादची: त्या लेखाचा अर्थ काय हो?

जुनं नासिक: नासिकच्या लोकांचं, धंभिक गावाचं दान. 'नासिककानं' ही षष्ठी, अनेकवचन.

मखमलाबादची: म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही देणगी दिली की दारावर नाव हवंच!

बागलाणी: आणि 'धंभिक' म्हणजे आपलं 'दांभिक'च ना?

जुनं नासिक: काहीतरीच काय! गावाचं नाव आहे ते.

बागलाणी: गावाचं नाव असेल, पण पडलं कशावरून?