अनुभव सांगा: सगळे एका बाजूला आणि आपलं मत दुसरीकडे

पार्लेकरीण
२०२४च्या विधानसभेला मुंबईत बऱ्याच सोसायट्यांच्या आवारातच मतदान केंद्रं आली. सोय झाली खरी. पण निकालानंतर फॉर्म २० मध्ये, म्हणजे निकालाच्या अधिकृत तक्त्यात, केंद्रनिहाय आकडे येतात. आमच्या केंद्रावर ‘त्या’ उमेदवाराला मूठभर मतं. लगेच गच्चीवर चर्चा: कोण असतील बुवा हे? त्या मुठीतलं एक मत माझं. मीही दोन-चार नावं सुचवून आले, दुसरं काय करणार!
घर, चाळ, ऑफिस सगळं एका मताचं आणि तुम्ही वेगळे, असं कुणाचं आहे? लिहा. बाजू सांगायची गरज नाही.

चिंचपोकळीकर
आमच्या वडिलांना लपवायची सोयच नव्हती. गिरणीत लाल बावट्याचे, आणि चाळ भराभर भगवी होत चाललेली. जून १९७०मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला. त्याच वर्षी परळच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. मी शाळकरी होतो. वडील गॅलरीत आले की बोलणं तुटायचं, एवढं लख्ख आठवतं. वाळीत वगैरे कुणी टाकलं नाही. गणपतीची वर्गणी घेतली जायची, मयतीला खांद्याला बोलावणं यायचं. पण नाक्यावरच्या गप्पांत त्यांना जागा उरली नाही, आणि माणूस गप्पिष्ट! आई म्हणायची, यापेक्षा भांडले असते तर बरं.
१९८२च्या गिरणी संपात सगळेच घरी बसले, तेव्हा गॅलरी पुन्हा बोलायला लागली. १९८४ला संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत लोकसभेला उभे राहिले, तर आमच्या मजल्यावर दोन्हीकडचे त्यांच्या प्रचाराला. पुढे गिरणीच गेली.

तिसरी घंटा
माझं उलटं. प्रायोगिक नाटकवाले आम्ही, तालमी दादर-माहीमला, सगळे पुरोगामी. मी उजवीकडे मत देते. शिव्यांचं काही वाटत नाही, ‘ते लोक’ ऐकलं की वाटतं. ते लोक वाचत नाहीत, त्या लोकांना कळत नाही. मी वाचते हो. एकदा दिग्दर्शक म्हणाले, “आपल्यात तसं कुणी नाही, म्हणून मोकळेपणानं बोलतो.” मी चहा ओतत होते, ओतत राहिले. एरवी याच लोकांनी आईच्या आजारपणात रात्री जागवल्यात, म्हणून सोडवत नाही.

सव्वाआठची फास्ट
ठाणे ते भायखळा, ग्रुपमध्ये मी एकटा विरोधक. मुलुंड यायच्या आत सगळे मिळून मला सोलतात. जागा मात्र धरून ठेवतात.

माहेर_कोकण
आमच्याकडे “आपलं कुणाला ठरलंय” असं विचारतात, म्हणजे सासऱ्यांनी ठरवलेलं असतं. मत कुणाला गेलं ते दाखवणारी मशीनशेजारची चिठ्ठी सात सेकंद दिसते. घरी आल्यावर मामंजी विचारतात, “चिठ्ठी बरोबर पडली ना?” पडली म्हणते. खोटं नाहीच ते.

खडूस
माफ करा, पण ही सगळी गप्प बसण्याची कौतुकं चालली आहेत. मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्पष्ट लिहिलं. तेव्हापासून माझा पार्किंगचा अर्ज कमिटीच्या विषयपत्रिकेवर येतच नाही. तरी लिहितो. गच्चीवर दुसऱ्यांची नावं सुचवण्यापेक्षा बरं.

पार्लेकरीण
@खडूस, लागलं. पण पार्किंग अडतं म्हणूनच तर मत गुप्त लागतं ना? कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा निवडणूक आयोगानं सांगितलं तर मोजणीआधी वेगवेगळ्या पेट्यांतल्या मिसळल्या जायच्या, कुठल्या वस्तीनं काय केलं ते कळायचं नाही. मशीनसाठी टोटलायझर, म्हणजे अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं यंत्र, हा तसाच उपाय. विधी आयोगानं २०१५मध्ये त्याची शिफारस केली होती, केंद्र सरकारला पटली नाही. आता तर मतदान केंद्रच सोसायटीपुरतं, म्हणजे संशयित जिन्यात भेटतात.
अर्ज पुन्हा द्या, पोच घ्या. तरी हलले नाहीत तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा.

खडूस
पोच द्यायलाच सेक्रेटरी दार उघडत नाहीत. स्पीड पोस्टानं पाठवतो.