छापील पावतीवर प्रिंट जागेवर बसत नाही, तीन शाखा तीन तऱ्हा

सिंहगडरोडवाला
आमच्या पतसंस्थेच्या पावत्या नारायण पेठेतल्या प्रेसमधून छापून येतात, ए४, चौकटी आधीच छापलेल्या, आपण फक्त नाव रक्कम तारीख टाकायची. सदाशिव पेठेतल्या लेझर प्रिंटरवर सगळं चपखल बसतं. तीच फाईल हडपसरला नेली की वरचं नाव थोडं खाली येतं आणि तळाची 'अक्षरी रुपये' वर चढून हप्त्याच्या चौकटीत घुसते. चिंचवडला डॉट मॅट्रिक्स (सुया रिबिनीवर आपटून छापणारा) प्रिंटर आहे, म्हातारा पण धडधाकट, तिथे हीच पावती कंटिन्युअस म्हणजे एकाला एक जोडलेल्या कागदावर, पहिली बरोबर, दुसरी वर, तिसरी अजून वर. मॅनेजर म्हणतात शाखेगणिक वेगळी फाईल करा. मला नको वाटतंय, उद्या पावती बदलली की तीन ठिकाणी निस्तरत बसा.

टोनर_संपला
अजिबात नको करू. वरचं खाली आणि खालचं वर म्हणजे मजकूर मध्याकडे आक्रसतोय, हडपसरला 'फिट टू पेज' (पानात मावेल असं लहान करणं) चालू असणार. 'ॲक्च्युअल साइज' म्हणजे १००% ठेव, आणि सेटिंगमध्ये कागद 'लेटर' या अमेरिकी मापाचा नाही ना तेही बघ, कारण लेटर २७९ मिमी उंच आणि ए४ २९७, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) गुपचूप बसवून टाकतो.

चिंचवडचा आजार वेगळा. कागद १२ इंची असेल आणि ड्रायव्हरमध्ये ए४ असेल तर त्याच्या मते पान ११.६९ इंचांना संपलं, म्हणजे दर पावतीला जवळपास ८ मिमी वर. कस्टम साइज १२ इंच कर.

उणे_दोन_मिमी
+१. एवढं करूनही सगळंच्या सगळं सारखंच सरकलेलं राहिलं तर मात्र फाईलला हात लावू नका, काही सॉफ्टवेअर शून्य कागदाच्या कोपऱ्यापासून मोजतात आणि काही सॉफ्टवेअर, प्रिंटर जिथून छापू शकतो तिथून, लेझर कडेचे साधारण ४ मिमी सोडतो आणि प्रत्येक मॉडेलचं हे वेगळं, म्हणून आडवं किती उभं किती सरकवायचं हे दोन आकडे, म्हणजे ऑफसेट, प्रत्येक प्रिंटरच्या नावाने सेव्ह करायचे. कोऱ्या कागदावर प्रिंट काढून पावतीवर ठेवा, खिडकीला धरा, पट्टीने मोजा. पावत्या फुकट घालवू नका.

खिळेजुळारी
प्रेसवाल्याची बाजू पण ऐका राव. कटिंगमध्ये लॉटगणिक मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच, शिवाय लेझरही दर कागद अगदी त्याच जागी ओढत नाही. तुम्ही लोक चौकट अक्षराएवढी ठेवता आणि मग आमच्या नावाने खडे फोडता. पुढच्या छपाईला प्रत्येक चौकटीत चारी बाजूंनी ३ मिमी मोकळे ठेवा, आणि आडव्या रेषा फिक्या रंगात घ्या, अक्षर रेषेवर आलं तरी वाचता येतं.

सिंहगडरोडवाला
हडपसरला फिटच निघालं, काढल्यावर सगळं सारखं २ मिमी डावीकडे, ते ऑफसेटमध्ये टाकलं आणि बसलं. चिंचवडला १२ इंच केलं, सरकणं थांबलं. आता फिक्या रेषांचं मॅनेजरना पटवतोय, त्यांना ठळक निळ्याच हव्यात.