अभ्यासिकेच्या वायफायवर प्रत्येकाला 2 एमबीपीएसचं लिमिट योग्य आहे का?

लातूरचा विद्यार्थी
आमच्या अभ्यासिकेत 100 एमबीपीएसची एकच फायबर लाइन, नीटची तयारी करणारी पोरं पन्नास. आता दर मोबाइलला 2 एमबीपीएसचं लिमिट टाकलंय. मला हे अजिबात पटत नाही. पहाटे पाच-सहा जण असतात, तरी टेस्टची पीडीएफ रखडत उतरते आणि लाइन रिकामी पडून राहते. लाइव्ह क्लासच्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्यांना, आधी सोडा, बाकीच्यांना उरलेलं द्या.

अभ्यासिका चालक, नांदेड
फी सगळ्यांची सारखी, मग वेगही सारखाच. टँकर आला की घरटी ठरलेले हंडे, तसं. लिमिट नव्हतं तेव्हा चार जण गेमचे अपडेट लावून बसायचे आणि बाकीचे भांडायला माझ्याकडं यायचे. कुणाचं काम मोठं हे मी का ठरवू?

नेटवर्कवाली, संभाजीनगर
क्लासला आधी सोडा म्हणणं सोपं आहे, पण राउटर ओळखणार कसा? यूट्यूबवरचं लेक्चर आणि यूट्यूबवरचं गाणं, दोन्ही एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद होऊन, 443 पोर्ट या एकाच दारातून येतात. कुणाला आधी सोडायचं हे सांगणारी पॅकेटवरची डीएससीपीची खूणही अनेकदा वाटेतच पुसली जाते.

तरी चालकदादा, तुमचं लिमिटही चुकीच्या जागी आहे. आवाजाच्या कॉलला 100 केबीपीएसच्या आसपास पुरतात. क्लास अडकतो तो रांगेमुळं: एखादं मोठं डाउनलोड बफर, म्हणजे पॅकेट थांबायची जागा, भरून टाकतं आणि आवाजाचं छोटं पॅकेट त्यामागं तिष्ठत राहतं. म्हणून माणशी नको, अख्ख्या लाइनला राउटरवर 90-95 एमबीपीएसचं लिमिट घाला, म्हणजे रांग कंपनीकडं न लागता आपल्या हातात येते. मग एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळणारी पद्धत लावा. 2012 पासून लिनक्समध्ये आहे, फुकट. प्रत्येक कनेक्शनची रांग वेगळी होते, छोट्या पॅकेटला थांबावं लागत नाही.

अभ्यासिका चालक, नांदेड
ताई, कनेक्शनवार वाटणी म्हणजे टॉरेंटवाल्याची चांदी. तो तीस कनेक्शन उघडणार अन् तीस वाटे नेणार. गरीब पोरगं एका कनेक्शनवर क्लास बघायलंय, त्याचं काय?

नेटवर्कवाली, संभाजीनगर
हा मुद्दा खरा आहे. त्यासाठीच केक नावाचं त्याच्या पुढचं तंत्र आलं, 2018 पासून लिनक्समध्ये आहे. ते आधी मोबाइलवार सारखं वाटतं, मग त्या वाट्यातच कनेक्शन बघतं. पन्नास जण असले तर 2 च्या आसपासच मिळेल, पाच असले तर 20 च्या जवळ. तुमची समानता त्यात शाबूत राहते.

अभ्यासिका चालक, नांदेड
माझ्या राउटरमध्ये फक्त लिमिटचा खाना आहे. हे सगळं करणारी ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवरची राउटर प्रणाली चालणारा, 100 चा वेग झेपणारा राउटर घ्यायचा, बिघडला तर दुरुस्तीला कुणाला बोलवायचं? मी लिमिटच ठेवणार.

लातूरचा विद्यार्थी
मग निदान पहाटेपुरतं तरी लिमिट 10 करा. बऱ्याच राउटरमध्ये वेळ लावून देता येते.